'श्वास' : मुलाला सांगायचे की नाही?

गोदातीर

संदीप सावंत यांचा 'श्वास' २००४ साली आला, तेव्हा त्याच्याविषयी जे लिहून आले त्यातले बरेचसे पुरस्कारांबद्दल होते, आणि ते साहजिकच होते. 'श्यामची आई'नंतर जवळजवळ अर्धशतकाने मराठी चित्रपटाला सुवर्णकमळ मिळाले होते. भारताकडून ऑस्करसाठी मराठी चित्रपट पाठवला जाण्याची ती पहिलीच वेळ होती आणि तिकडच्या प्रसिद्धीचा खर्च निर्मात्यांना पेलणारा नसल्याने राज्यभरातून लोकांनी मदत केली होती. नाशिकच्या एका शाळेतल्या मुलांनी दिवाळीत दिवे करून विकले आणि आलेले पैसे या चित्रपटासाठी दिले, ही गोष्ट आपल्या गावात अजूनही अभिमानाने सांगितली जाते. दादासाहेब फाळके त्र्यंबकेश्वरचे, त्यामुळे चित्रपटाविषयी नाशिककरांना वाटणाऱ्या आपुलकीला एक जुना आधार आहेच. पण त्या गौरवाच्या दिवसांत हा चित्रपट मुळात कशाविषयी आहे, याची चर्चा मात्र फार थोडी झाली, असे माझे मत आहे आणि म्हणून हा धागा काढत आहे.

ज्यांनी तो पाहिलेला नाही त्यांच्यासाठी कथा थोडक्यात सांगतो. कोकणातल्या एका खेड्यातले आजोबा, म्हणजे अरुण नलावडे, आपल्या नातवाला डोळे दाखवण्यासाठी शहरात घेऊन येतात. नातू परशुराम, अश्विन चितळे, सात-आठ वर्षांचा आहे. तपासणीत दृष्टिपटलाचा, म्हणजे डोळ्याच्या आतल्या पडद्याचा, कर्करोग निघतो, तोही दोन्ही डोळ्यांत. शस्त्रक्रिया केली तर जीव वाचेल, पण डोळे जातील. कथेत याहून मोठी घटना घडत नाही. खलनायक नाही, निष्काळजी डॉक्टर नाही, पैशांसाठी अडवणारा कारकूनही नाही. संदीप कुलकर्णी यांनी साकारलेले शल्यविशारद आपल्या कामात निष्णात आहेत आणि अमृता सुभाष यांनी केलेली रुग्णालयातली समाजसेविका मनापासून धावपळ करते आहे. सगळी माणसे चांगली असूनही प्रसंगाची धार कमी होत नाही, आणि मला या पटकथेचे सर्वांत मोठे यश यातच दिसते.

चित्रपटाचा कणा शस्त्रक्रिया नसून मुलाला सांगणे हा आहे, असे मी मानतो. आजोबांना मुलाला काहीही कळू द्यायचे नाही, किंबहुना ते शब्द आपल्या तोंडून निघतील याचीच त्यांना धास्ती आहे. मुलाला सांगितल्याशिवाय पुढे जायचे नाही, ही डॉक्टरांची भूमिका आहे. आपल्याकडे अल्पवयीन मुलाच्या वतीने पालकाने सही केली की कागद पूर्ण होतो, त्यामुळे डॉक्टरांचा हा आग्रह केवळ नियमापुरता नाही. ज्याचे डोळे जाणार आहेत त्याला हे जाग आल्यावरच कळू नये, एवढी साधी माणुसकी त्यात आहे. त्यानंतर शस्त्रक्रिया लांबते, तेव्हा आजोबा नातवाला घेऊन रुग्णालयातून निघून जातात आणि दिवसभर त्याला शहर दाखवतात. इकडे रुग्णालयात हलकल्लोळ होतो आणि परतल्यावर डॉक्टर संतापतात. पहिल्यांदा पाहिले तेव्हा माझी सगळी सहानुभूती आजोबांकडे होती. आता पुन्हा पाहताना डॉक्टरांचा संतापही तितकाच खरा वाटला, कारण दोघेही त्या मुलाच्याच बाजूने भांडत आहेत.

आमच्या वसाहतीच्या सभागृहात पुढच्या महिन्यात हा चित्रपट दाखवायचा आहे. त्याआधी येथील जाणकारांनी दोन प्रश्नांवर लिहावे अशी विनंती आहे. मुलाला गंभीर आजार सांगावा का आणि कसा? आणि आजच्या काळात परशुरामचे दोन्ही डोळे गेलेच असते का?

म्हसरूळकर

धागा फार आवडला. माझी आठवण आहे ती चित्रपटातल्या कोकणाची. रुग्णालयाच्या भिंती आणि रांगा यांच्यामधून मध्येच गावचे पाणी, झाडे आणि वाटा येतात, तेव्हा त्या दृश्यांकडे पाहण्याची आपली नजर बदललेली असते, कारण हे सगळे मुलाला पुन्हा दिसणार नाही हे आपल्याला ठाऊक असते आणि त्याला नसते. चित्रपट या माध्यमालाच हे शक्य आहे. गोष्ट कागदावर वाचताना हिरवा रंग हा एक शब्द असतो, येथे तो प्रेक्षकाच्या डोळ्यांवर येऊन आदळतो. मूळ कथा माधवी घारपुरे यांची आहे, याचाही उल्लेख व्हायला हवा.

नेत्रवैद्य

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर देण्याचा प्रयत्न करतो. या आजाराला रेटिनोब्लास्टोमा म्हणतात. साधारण पंधरा ते वीस हजार जन्मांमागे एका बाळाला तो होतो. बहुतेक मुले पाच वर्षांच्या आतली असतात आणि दोन्ही डोळ्यांत आजार असेल तर तो बहुधा पहिल्या एक-दोन वर्षांतच लक्षात येतो. त्यामुळे परशुरामचे वय या आजारासाठी जरा मोठे आहे. पण अशी मुले आम्हाला भेटत नाहीत असे नाही, आणि उशिरा येणाऱ्या मुलांचा आजार बहुधा पुढे गेलेला असतो, त्यामुळे चित्रपटातला निर्णय वैद्यकीयदृष्ट्या खोटा वाटत नाही.

कारण समजून घेणे पालकांच्या दृष्टीने फार महत्त्वाचे आहे. तेराव्या गुणसूत्रावर आरबी१ नावाचे जनुक असते, ते दृष्टिपटलातल्या पेशींची वाढ आवरून धरते. प्रत्येक पेशीत या जनुकाच्या दोन प्रती असतात आणि दोन्ही निकामी झाल्या की पेशी बेबंद वाढू लागते. आल्फ्रेड नडसन यांनी १९७१ साली नेमक्या याच आजाराच्या अभ्यासावरून हा विचार मांडला आणि पुढे कर्करोगाच्या संपूर्ण शास्त्राला त्याचा उपयोग झाला. दोन्ही डोळ्यांत आजार असलेल्या मुलात एक प्रत जन्मापासूनच बिघडलेली असते, मात्र त्यांतल्या अनेक मुलांच्या घराण्यात हा आजार पूर्वी कोणालाही झालेला नसतो. म्हणून गरोदरपणात काय खाल्ले, ग्रहण पाळले की नाही, मूल टीव्हीसमोर फार बसले का, या शंकांनी कोणत्याही आईने स्वतःला जाळून घेऊ नये. यांतल्या एकाही गोष्टीने हा आजार होत नाही.

उपचारांत आम्ही एक क्रम पाळतो : आधी जीव, मग डोळा आणि त्यानंतर नजर. लवकर आलेल्या बाळाला शिरेतून केमोथेरपी देऊन गाठ लहान करता येते आणि उरलेली लेसरने किंवा गोठवून नष्ट करता येते. काही केंद्रांत मांडीच्या रोहिणीतून बारीक नळी थेट डोळ्याच्या रोहिणीपर्यंत नेऊन औषध सोडतात. डोळ्याच्या बाहेरून किरणोत्सारी चकती बसवण्याचाही उपाय आहे आणि अशी रुथेनियम-१०६ची चकती आता भाभा अणुसंशोधन केंद्राने देशातच तयार केली आहे. पूर्वी सर्रास दिले जाणारे बाहेरचे रेडिएशन मात्र आज शक्यतो टाळतात, कारण आनुवंशिक प्रकारच्या मुलांना त्यामुळे पुढील आयुष्यात दुसरा कर्करोग होण्याची शक्यता वाढते. तरीही गाठीने सगळा डोळा व्यापला असेल, नजर परत येण्याची आशा नसेल आणि आजार डोळ्याच्या मज्जातंतूतून मेंदूकडे सरकण्याची भीती असेल, तर डोळा काढणे हाच आजही योग्य उपचार आहे. तेव्हा तुमच्या प्रश्नाचे प्रामाणिक उत्तर असे की, परशुराम वेळेत आला असता तर निदान एक डोळा वाचवण्याची चांगली संधी होती. चित्रपटातल्या अवस्थेत आला असता तर आजच्या डॉक्टरलाही कदाचित तेच बोलावे लागले असते.

प्रगत देशांत या आजाराची पंच्याण्णव टक्क्यांहून अधिक मुले वाचतात. आपल्याकडे ते प्रमाण कमी पडते, ते औषध नाही म्हणून नव्हे, तर मूल उशिरा येते म्हणून.

गोदातीर

नेत्रवैद्य, एवढ्या सविस्तर उत्तराबद्दल मनापासून आभार. वेळेत येणे म्हणजे घरच्यांनी नेमके काय पाहायचे, तेही कृपया लिहावे.

नेत्रवैद्य

डोळ्याच्या बाहुलीत पांढरी झाक दिसणे हे पहिले लक्षण. मांजराच्या डोळ्यासारखी चमक, असे अनेक आया सांगतात. फ्लॅश टाकून काढलेल्या फोटोत एका डोळ्यात नेहमीची लाल छटा येते आणि दुसऱ्यात पांढरी येते, तेव्हा तो फोटो पुसून टाकू नये, डॉक्टरांना दाखवावा. एका विशिष्ट कोनातून निरोगी डोळ्यातही कधी अशी चमक येऊ शकते, म्हणून घाबरून जाऊ नये, पण वारंवार दिसली तर थांबूही नये. दुसरे लक्षण तिरळेपणा. आपल्याकडे 'लहानपणचा तिरळा आहे, मोठेपणी जाईल' किंवा 'भाग्याचा तिरळा' असे म्हणून वर्षे घालवतात. तिरळ्या डोळ्यांची बहुसंख्य मुले या आजाराची नसतात, पण प्रत्येक तिरळ्या मुलाचा पडदा बाहुली मोठी करून एकदा तपासलाच पाहिजे. अंगणवाड्यांत आणि शाळांत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके येतात, त्यांच्याकडेही ही शंका बोलून दाखवावी.

आईची वही

पहिल्या प्रश्नावर मी लिहिणार आहे. लिहावे की नाही याचा फार विचार केला, पण हा धागा ज्या गांभीर्याने चालला आहे ते पाहून लिहिते.

माझ्या मुलाला पाच वर्षांचा असताना रक्ताचा कर्करोग झाला. लहान मुलांत सर्वांत जास्त आढळणारा कर्करोग हाच. ताप जात नव्हता, पायांवर निळे डाग येत होते, चालायला नको म्हणत होता. नाशिकमध्ये रक्ताचा रिपोर्ट पाहून डॉक्टरांनी त्याच दिवशी मुंबईला जायला सांगितले. पुढची अडीच वर्षे आमचे घर नाशिक रोड आणि परळ यांच्यामध्ये विभागले गेले. पंचवटी एक्सप्रेसने पहाटे निघून टाटा रुग्णालय गाठायचे, तपासणीसाठी रक्त द्यायचे, काउंट म्हणजे रक्तपेशींची संख्या कळायची वाट पाहायची, काउंट चांगले असतील तर केमो, नसतील तर परत. कर्करुग्णाला आणि सोबत्याला रेल्वेच्या भाड्यात सवलत असते, हे आम्हाला तेथल्याच एका धुळ्याच्या बाईंनी सांगितले. मुक्काम लांबला की दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत राहणारी कुटुंबे भेटत. विदर्भातली, बंगालमधली, बिहारमधली माणसे होती, आणि त्यांच्याकडून मी जे शिकले ते कोणत्याही पुस्तकात नव्हते.

आम्ही मुलाला सुरुवातीला काहीच सांगितले नव्हते. घरातल्या वडीलधाऱ्यांचे म्हणणे होते की एवढ्याशा जिवाला कशाला ते नाव. आम्ही त्याला 'ताप आला आहे, औषध घेतले की जाईल' असे सांगत राहिलो. पण ताप गेल्यावरही पाठीत सुई का टोचतात, केस का गेले, शाळेत का पाठवत नाहीत, आत्या फोनवर का रडते, या प्रश्नांना 'ताप' हे उत्तर पुरेना. तो चिडचिडा झाला, मग गप्प झाला. सुई टोचायला नेताना 'काही करत नाहीत' असे म्हणायचे आणि मग धरून ठेवायचे, असे झाल्यावर त्याचा माझ्यावरचा विश्वासच डळमळला होता. तेथल्या समुपदेशक ताईंनी मला समोर बसवून घेतले आणि म्हणाल्या, "त्याला सगळे एकदम सांगू नका, पण खोटे मात्र एकही सांगू नका." मग त्याच्याशी बोलताना आम्ही रक्ताच्या पेशींची चित्रे काढली. आजाराचे खरे नाव घेतले. दुखेल तेव्हा 'दुखेल, मी हात धरून बसेन' असे सांगितले. त्याने पहिला प्रश्न विचारला तो हा की, मी त्या दिवशी बर्फाचा गोळा खाल्ला म्हणून झाले का? इतके महिने ते लेकरू हा दोष आपल्या अंगावर घेऊन बसले होते. आम्ही गप्प राहिलो ते त्याला जपण्यासाठी, आणि त्या गप्प राहण्यानेच त्याला एकटे पाडले होते.

'श्वास' मी उपचार संपल्यावर पाहिला. परशुराम रुग्णालयात चिडतो, हट्ट करतो, ते पाहताना मला अभिनय दिसतच नव्हता. मोठी माणसे दाराआड कुजबुजत असताना मुलाचे असेच होते. माझा मुलगा आता शाळेत जातो, क्रिकेट खेळतो आणि वर्षातून एकदा तपासणीला जातो.

गंगापूर रोड

आईची वही, आपल्या लेखनाने गलबलून आले. आपल्या मुलाला खूप आशीर्वाद.

मला मात्र आजोबांची बाजू मांडायची आहे, कारण सांगावे असे म्हणणे सोपे आहे. मी स्वतः आजोबा आहे. आमच्या पिढीत वाईट बातमी लहानांपासून दूर ठेवणे हाच प्रेमाचा अर्थ होता. घरात कोणी गेले तर मुलांना शेजारी पाठवत असत. चित्रपटातले आजोबा अडाणी किंवा भित्रे नाहीत, ते त्या रीतीतून आलेले आहेत आणि त्यांच्याकडे दुसरी भाषाच नाही. नलावडे यांनी हे बोलण्यापेक्षा बसण्यातून आणि चालण्यातून दाखवले आहे. रुग्णालयाच्या बाकावर त्यांचे नुसते बसून राहणे पाहा, शहरात कोणाला काय विचारावे हेही ज्याला ठरवता येत नाही अशा माणसाचे ते बसणे आहे. अशा माणसाला डॉक्टर सांगतात की मुलाला सांगा. शब्द सापडत नाहीत म्हणून ते मुलाला शहर दाखवायला नेतात, असे मला वाटते. ती त्यांची सांगण्याची पद्धत आहे. डॉक्टरांचा संताप नियमाला धरून असेल, पण सहीच्या आधी त्या म्हाताऱ्याला किती वेळ दिला गेला, हा प्रश्नही विचारला पाहिजे.

समाजसेविका

मी अनेक वर्षे रुग्णालयात वैद्यकीय समाजसेविका म्हणून काम केले आहे, त्यामुळे अमृता सुभाष यांच्या भूमिकेकडे मी जरा अधिक बारकाईने पाहिले. आमचे काम म्हणजे कागद भरून देणे आणि निधी मिळवून देणे, असा समज आहे. तेही काम असतेच. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत बसते का, शिधापत्रिकेवरच्या नावात चूक आहे का, धर्मादाय खाट मिळेल का, यांत अर्धा दिवस जातो. पण खरे काम डॉक्टरांचे वाक्य आणि घरच्यांचे कान यांच्यामधले असते. 'गाठ आहे, डोळा काढावा लागेल' हे वाक्य डॉक्टर एकदा बोलतात, आणि कुटुंबाला ते ऐकू यायला काही दिवस लागतात. पहिल्या भेटीत सांगितलेले बहुतेक सगळे दुसऱ्या भेटीत पुन्हा सांगावे लागते, आणि ते न कंटाळता सांगितले पाहिजे. गंगापूर रोड यांनी विचारलेला वेळेचा प्रश्न म्हणून अगदी योग्य आहे.

मुलांना कळते का, यावर अमेरिकेतल्या मायरा ब्लूबाँड-लँगनर या मानववंशशास्त्रज्ञ बाईंनी १९७०च्या दशकात महत्त्वाचे काम केले. रक्ताचा कर्करोग असलेल्या तीन ते नऊ वर्षांच्या मुलांसोबत त्या रुग्णालयात राहिल्या. त्या काळी मुलांना काहीही न सांगण्याचीच पद्धत होती. तरीही मुलांना आपला आजार टप्प्याटप्प्याने पूर्ण कळलेला होता. तो त्यांना औषधांवरून, शेजारच्या खाटेवरच्या मुलांकडून आणि मोठ्यांच्या वागण्यावरून कळत गेला होता. त्याहून मन हलवणारे निरीक्षण असे की, आईवडिलांना त्रास होऊ नये म्हणून मुले आपल्याला माहीत नसल्याचे दाखवत असत. आईची वही यांच्या मुलाचे गप्प होणे वाचताना मला हेच आठवले.

सांगण्याची रीत काय, असे कोणी विचारले तर मी आधी मुलालाच विचारायला सांगते : तुला काय वाटते, आपण येथे का आलो आहोत? त्याच्या उत्तरावरून त्याला किती माहीत आहे ते कळते आणि तेथून पुढे जायचे. वाक्ये लहान ठेवायची. तू काही केलेस म्हणून हे झालेले नाही, हे आवर्जून सांगायचे. आम्ही येथेच असणार आहोत, हे सांगायचे आणि खरोखर तेथेच असायचे. दुखणार असेल तर दुखेल म्हणायचे. जे आपल्यालाच माहीत नाही त्याबद्दल 'मलाही माहीत नाही, आपण डॉक्टरांना विचारू' असे म्हणायचे. रडू आले तर मुलासमोर रडायलाही हरकत नाही, मात्र का रडलो ते त्याला सांगावे. डोळा काढायच्या शस्त्रक्रियेआधी मुलाला बाहुली देऊन तिच्या डोळ्याला पट्टी बांधून दाखवतात, कृत्रिम डोळा हातात देतात, शुद्धीवर आल्यावर काय वाटेल ते सांगतात. हे सगळे शस्त्रक्रियेच्या तयारीतच धरले पाहिजे.

त्या एका दिवसाच्या भटकंतीबद्दल माझे मत ठाम आहे. न सांगता निघून जाणे धोक्याचे होते, त्या मुलाला संसर्ग झाला असता किंवा शस्त्रक्रिया हुकली असती, डॉक्टर रागावले ते बरोबरच होते. पण त्या दिवसाची गरज होती आणि ती आधी रुग्णालयाने ओळखायला हवी होती. आम्ही पुढे काही मुलांच्या बाबतीत रीतसर रजा काढून असा दिवस दिला आहे. एका मुलाला गोदाकाठी रामकुंडावर जायचे होते आणि एका मुलीला घरच्या गाईचे वासरू पाहायचे होते.

सातपूरवासी

चित्रपट संपतो तेथून आमचे काम सुरू होते, म्हणून लिहितो. नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंड या संस्थेच्या महाराष्ट्र शाखेचे कार्यालय आपल्या सातपूरला आहे, हे अनेक नाशिककरांना ठाऊक नसते. मी अंध मुलांना शिकवतो, आणि आजोबांच्या त्या दिवसाबद्दल शिक्षक म्हणून सांगण्यासारखी एक गोष्ट माझ्यापाशी आहे.

जन्मापासून न दिसणारे मूल आणि सात-आठ वर्षांपर्यंत पाहिलेले मूल, यांना शिकवण्यात मोठा फरक असतो. पाहिलेल्या मुलाच्या मनात चित्रे शिल्लक असतात. लाल म्हणजे काय, डोंगर किती उंच असतो, रस्त्यावरची गर्दी कशी दिसते, लांबचे झाड लहान का दिसते, हे त्याला सांगावे लागत नाही. नकाशा हाताने चाचपताना तो आठवणीतल्या दृश्याशी जोडू शकतो. त्यामुळे नजर जाण्याआधी मुलाला जे जे दाखवता येईल ते दाखवावे, आणि विशेषतः घरच्यांचे चेहरे, घर आणि शाळेची वाट त्याला सावकाश पाहू द्यावी, असे मी पालकांना सांगतो. आजोबांनी हे कोणाकडून ऐकलेले नव्हते. तरी त्यांनी केले ते योग्य केले.

पण अशा मुलाला शोकही अधिक असतो, कारण आपण काय गमावले हे त्याला माहीत असते. पहिले काही महिने ते मूल हात पुढे करून चालते, आदळते, चिडते, घराबाहेर पडायला नकार देते. या काळात घरचे सगळे त्याच्यासाठी करू लागतात, भरवतात, कपडे घालतात, उचलून नेतात, आणि मूल आणखी परावलंबी होते. शक्य तितक्या लवकर पांढऱ्या काठीने चालण्याचे शिक्षण सुरू करावे, बोटांना ब्रेलची सवय लावावी आणि त्याला त्याच्याच गावच्या शाळेत परत पाठवावे. चित्रपटाच्या शेवटी परशुराम काळा चष्मा लावून गावी परततो. ते पाहून प्रेक्षक डोळे पुसतात, आणि मला मात्र त्या गावातल्या शाळेच्या मास्तरांशी बोलावेसे वाटते. त्यांना ब्रेलची पुस्तके कोठून मिळतील, परीक्षेला लेखनिक कसा मिळतो, खेळाच्या तासाला या मुलाला कोपऱ्यात बसवू नये, हे सगळे त्यांना कोणीतरी सांगायला हवे.

म्हसरूळकर

सातपूरवासी यांचा प्रतिसाद वाचून चित्रपटाच्या शेवटाकडे मी पुन्हा वळलो. तो शेवट दुःखाचा की सुखाचा, यावर आमच्या घरी वाद होता. मूल जिवंत घरी येते म्हणून माझी पत्नी त्याला सुखान्त म्हणते. मला तो तसा कधी वाटला नव्हता. आता वाटते की दिग्दर्शकाने तेथे थांबण्यात मोठा संयम दाखवला आहे. पुढे मुलगा गायक झाला, नाव काढले, अशी भरपाई त्याने जोडली असती तर आपण हलक्या मनाने घरी गेलो असतो आणि परशुरामसारख्या मुलांच्या रोजच्या जगण्याचा विचारही आपल्या मनात आला नसता.

गोदातीर

सर्वांचे ऋण कसे मानावे कळत नाही. कार्यक्रमात चित्रपटानंतर अर्धा तास चर्चा ठेवणार आहे आणि समाजसेविका ताईंनी व सातपूरवासी सरांनी यावे अशी विनंती व्यक्तिगत निरोपात करत आहे. आठ वर्षांवरील मुलांना आईवडिलांसोबत येऊ द्यावे असे आम्ही ठरवले आहे. लहान मुलांना घाबरवून सोडेल असे चित्रपटात काही नाही, पण त्यानंतर मुले प्रश्न विचारतील आणि त्यांची उत्तरे घरी द्यावी लागतील, हे पालकांना आधी कळवले आहे.

इंदिरानगरची मावशी

मी आजवर येथे फक्त वाचत होते. नेत्रवैद्यांना एक विचारायचे आहे. माझ्या बहिणीची नात तीन वर्षांची आहे. तिचा डावा डोळा आत वळतो आणि वाढदिवसाच्या दोन फोटोंत त्या डोळ्यात पांढरट दिसते आहे. घरचे म्हणतात फोटोचा दोष आहे. काय करावे?

नेत्रवैद्य

मावशी, फोटो जपून ठेवा आणि याच आठवड्यात तिला नेत्रतज्ज्ञाकडे न्या. 'दृष्टिपटल तपासायचे आहे' असे स्पष्ट सांगा. थेंब टाकून बाहुली मोठी करतील, अर्धा-पाऊण तास लागेल आणि त्या दिवशी तिला उजेडाचा थोडा त्रास होईल. मूल स्थिर राहिले नाही तर भूल देऊन तपासावे लागते, त्याला नकार देऊ नका. तिला भावंड असेल तर तपासणीच्या वेळी डॉक्टरांना तेही सांगा, कारण आजार निघालाच तर भावंडाचे डोळेही पाहावे लागतात.

इंदिरानगरची मावशी

काल दाखवून आणले. पडदा दोन्ही डोळ्यांचा स्वच्छ आहे, गाठ नाही. डाव्या डोळ्याला मोठा नंबर निघाला आणि त्यामुळेच तो आत वळत होता. चष्मा दिला आहे आणि उजव्या डोळ्यावर रोज काही तास पट्टी लावायला सांगितली आहे. आणखी दोन-चार वर्षे असेच राहिले असते तर त्या डोळ्याची नजर कायमची मंद झाली असती, असे डॉक्टर म्हणाले. नेत्रवैद्य, आपले फार उपकार झाले. पट्टी का लावायची ते तिला आईने चित्र काढून समजावले आहे, आणि आता ती स्वतःच पट्टी मागून घेते.